दिसतो सगळीकडे, सापडत कुठेच नाही

मोराचं गळून पडलेलं एक पीस घ्या आणि खलबत्त्यात अगदी बारीक कुटा. निळी-हिरवी पूड मिळेल असं वाटत असेल, तर फसाल. खलात उरते ती मळकट तपकिरी भुकटी. मग तो निळा गेला कुठे? गेला नाही, तो पिसात नव्हताच. पिसाच्या तंतूंमध्ये मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या असतात. मेलॅनिन म्हणजे आपले केस काळे करणारं तेच द्रव्य. या कांड्या ठरावीक अंतरावर जाळीसारख्या रचलेल्या असतात. जाळीच्या वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही लांबीच्या लहरींना बळ मिळतं, काही विरून जातात. डोळ्यांपर्यंत पोचतो तो निळा. कुटताना आपण ती जाळी मोडतो आणि रंगही तिच्याबरोबर मोडतो.

निळ्याची सगळी गंमत इथे आहे. डोक्यावर आकाश निळं, तीन बाजूंना समुद्र निळा, डोंगर दुरून निळे. नजरेला हा रंग इतका सवयीचा की तो दुर्मीळ आहे असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण बोटाला लागेल, कापडाला चढेल, भिंतीवर फासता येईल असा निळा शोधायला निघालं की निसर्ग हात आखडता घेतो. लाल मातीतून मिळतो, पिवळाही मातीतून मिळतो, काळा चुलीतून मिळतो. निळा मात्र माणसाला बहुतेक वेळा दूरवरून आणावा लागला किंवा बनवावा लागला, आणि त्या खटाटोपातून बरंच रसायनशास्त्र, बरीच चित्रकला आणि एक-दोन उठावही निघाले.

आधी आकाशाचं पाहू. सूर्यप्रकाश पांढरा दिसला तरी त्यात सगळे रंग असतात. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू प्रकाशलहरींच्या मानाने फारच लहान असतात. इतक्या लहान अडथळ्यांवरून प्रकाश विखुरतो तेव्हा लहरीची लांबी निम्मी झाली, तर विखुरणं दुप्पट किंवा चौपट नाही, तर चक्क सोळा पट वाढतं. निळ्या प्रकाशाची लांबी साधारण ४५० नॅनोमीटर, लालची साधारण ६५०. हिशेब केला तर निळा लालपेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. म्हणून आकाशात सूर्य सोडून कुठेही पाहिलं तरी तिथून डोळ्यांत येतो तो हा विखुरलेला निळाच. हे गणित १८७१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी मांडलं. मग जांभळा तर त्याहून जास्त विखुरायला हवा, आकाश जांभळं का नाही, असा प्रश्न चौकस मुलं विचारतातच. एक तर सूर्यप्रकाशात जांभळा मुळातच कमी, आणि दुसरं म्हणजे आपले डोळे त्याच्या बाबतीत मंद आहेत.

समुद्राबद्दल मात्र रॅले चुकले. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. १९२१ च्या सप्टेंबरात चंद्रशेखर वेंकट रामन ऑक्सफर्डची परिषद आटोपून ‘नारकुंडा’ बोटीने भारतात परतत होते. भूमध्य समुद्राचा तो गडद निळा पाहून त्यांना रॅले यांचं म्हणणं पटेना. त्यांच्याजवळ निकोल लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश एकाच दिशेत कंप पावत असतो आणि लोलक नेमका फिरवला की तो पूर्ण अडवता येतो. रामन यांनी डेकवरून तेच केलं. आकाशाचं प्रतिबिंब पुसलं गेलं. आता समुद्र फिका पडायला हवा होता. तो उलट जास्तच निळा दिसू लागला. म्हणजे ती निळाई पाण्याच्या आतून येत होती. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा ‘नेचर’ नियतकालिकाला धाडायचं पत्र तयार होतं. पाणी लाल प्रकाश थोडा थोडा शोषून घेतं आणि उरलेला निळसर प्रकाश रेणूंवरून विखुरतो, हे आज आपण जाणतो. पेल्यातलं पाणी बिनरंगी दिसतं कारण तेवढ्याशा अंतरात लाल शोषला जाऊन जाऊन किती जाणार! विखुरण्याच्या याच ध्यासातून रामन २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत पोचले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सुरुवात एका बोटीच्या कठड्याशी झाली, ते सहसा सांगितलं जात नाही.

तेव्हा आकाश काय, समुद्र काय, मोर काय, कुणाकडेही निळं रंगद्रव्य नाही. निळ्या डोळ्यांतही नाही. तिथे मेलॅनिन कमी असतं आणि बुबुळाच्या तंतूंमधून विखुरलेला प्रकाश निळा दिसतो. मॉर्फो फुलपाखराच्या झगझगीत पंखांवर अल्कोहोलचा थेंब टाकला तर निळा हिरवा होतो आणि थेंब उडून गेला की परत निळा. खवल्यांमधल्या फटींत हवेऐवजी द्रव गेला की रंगाचा हिशेबच बदलतो. प्राण्यांत खरं निळं द्रव्य बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. फुलांनाही निळं होणं सोपं जात नाही. युरोपातल्या शेतांत उगवणारं कॉर्नफ्लॉवर नावाचं फूल अगदी शाईसारखं निळं असतं. रिशार्ड विल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये त्यातलं रंगद्रव्य वेगळं केलं तेव्हा निघालं ते लाल गुलाबात असतं तेच! लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या अणूंना धरून त्या द्रव्याचे रेणू एका विशिष्ट घडणीत बसतात, तेव्हा कुठे ते फूल निळं होतं.

अशा परिस्थितीत आदिमानवाने काय करावं? फ्रान्समधल्या लास्को आणि स्पेनमधल्या अल्तामिरा इथल्या गुहांत बैल आहेत, घोडे आहेत, हरणं आहेत. गेरू आहे, पिवळी माती आहे, कोळसा आहे. निळा नाही. चितारी कच्चा नव्हता, त्याच्या पायाखाली तो रंग नव्हता.

पहिल्यांदा हा तिढा सोडवला इजिप्तच्या कारागिरांनी, जवळपास पाच हजार वर्षांपूर्वी. वाळू, चुनखडी आणि तांब्याचं खनिज किंवा तांब्याची मोड, त्यात थोडा क्षार, असं मिश्रण त्यांनी भट्टीत ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तासन्‌तास ठेवलं. बाहेर निघाला तो निळा गठ्ठा. तो कुटून जी पूड झाली, ती माणसाने बनवलेली पहिली कृत्रिम रंगद्रव्यं मोजायला घेतली तर यादीत सर्वांत वर येते. तापमान कमी पडलं तर ती तयार होत नाही, फार वाढलं तर हिरवट काचेसारखं काहीतरी होतं. थर्मामीटर नसताना, केवळ आगीच्या रंगावरून अंदाज बांधून, पिढ्यान्‌पिढ्या हा ताव सांभाळणाऱ्या माणसांना अडाणी म्हणायची हिंमत मला तरी होत नाही. या इजिप्शियन निळ्याचा एक गुण मात्र त्यांनाही माहीत असणं शक्य नव्हतं. त्यावर साधा प्रकाश पडला की तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. एकविसाव्या शतकात संग्रहालयांनी विशेष कॅमेरे लावले तेव्हा पांढऱ्याशुभ्र ग्रीक शिल्पांवर जागोजागी हे ठिपके चांदण्यांसारखे चमकले. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातल्या मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या याचा तो एक पुरावा.

इथे एक भाषेची गोष्ट आडवी येते. तिला वाट द्यायलाच हवी. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन प्राचीन ग्रीक महाकवी होमरचे गाढे वाचक होते. १८५८ मध्ये त्यांनी होमरवर तीन खंड लिहिले आणि त्यात एक विचित्र गोष्ट नोंदवली. होमरचा समुद्र मद्यासारखा आहे, मेंढ्या जांभळट आहेत, मध हिरवट आहे. पण आकाशाला निळं म्हणणं त्याच्या कधी तोंडी येत नाही. प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अपुरी असावी, असा तर्क ग्लॅडस्टन यांनी केला. थोड्याच वर्षांत लाझारुस गायगर या जर्मन भाषाभ्यासकाने हाच प्रकार वेदांत आणि बायबलात दाखवला. आकाशाची इतकी स्तुती, पण निळ्याचा उल्लेख नाही.

डोळ्यांचा तर्क चुकीचा होता. ग्रीकांचे डोळे आपल्यासारखेच होते. प्रश्न शब्दांचा होता. १९६९ मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकी अभ्यासकांनी जगातल्या ९८ भाषांची रंगनामं ताडून पाहिली. त्यांना दिसलं की भाषेत काळा-पांढरा आधी येतो, मग लाल, मग हिरवा-पिवळा, आणि निळा त्यांच्यानंतर. हा क्रम पुढच्या संशोधकांनी बराच सैल केला असला तरी निळ्याचं मागून येणं टिकून आहे. आपल्याच भाषेत डोकावून पाहा ना. ‘घननीळ’ म्हणताना डोळ्यांसमोर येणारा ढग निळा असतो की काळा? मार बसला की अंग ‘काळंनिळं’ पडतं, ते एकाच दमात. संस्कृतातल्या ‘नील’ला काळ्यापासून वेगळं व्हायची फारशी घाई नव्हती. याउलट इजिप्तच्या भाषेत निळ्याला स्वतंत्र शब्द होता, आणि तो एका दगडाचा होता: लाजवर्द. भट्टीत बनवलेल्या रंगाला ते म्हणत ‘बनवलेला लाजवर्द’. माझ्या मते हा योगायोग नाही. आकाश कुणी विकत आणत नाही, त्यामुळे त्याच्या रंगाचा सौदा करायची वेळ येत नाही. वस्तू हातात आली, तिची प्रत ठरवायची पाळी आली, की नाव लागतं.

हा लाजवर्द मिळायचा कुठे? अफगाणिस्तानात, बदख्शानच्या डोंगरांत, कोकचा नदीच्या खोऱ्यातल्या सर-ए-संग इथे. सहा हजारांहून अधिक वर्षं त्या खाणी चालू आहेत. तिथला दगड बलुचिस्तानातल्या प्राचीन मेहरगढच्या मण्यांत आहे, मेसोपोटेमियातल्या ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत आहे, तुतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्यावर भुवया म्हणून आहे आणि अजिंठ्याच्या भिंतींवर रंग म्हणूनही आहे. फारसी ‘लाजवर्द’ अरबांमार्फत युरोपात गेला तेव्हा तिकडच्यांना सुरुवातीचा ‘ल’ हा उपपदाचा तुकडा वाटला आणि त्यांनी तो गाळून टाकला. इंग्रजी ‘अ‍ॅझर’ शब्द असा जन्माला आला. त्या दगडाच्या रंगाला मात्र ते ‘अल्ट्रामरीन’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘समुद्रापलीकडचा’.

दगड कुटला की रंग तयार, असंही नव्हतं. लाजवर्दात निळ्या खनिजाबरोबर पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेले असतात. नुसता कुटला तर राखाडी पूड होते. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत कृती दिली आहे. पूड वस्त्रगाळ करायची. राळ, डिंक आणि मेण वितळवून तिच्यात मिसळायचं आणि त्याचा कणकेसारखा गोळा करायचा. तो किमान तीन दिवस, तीन रात्री मुरवायचा, रोज मळायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात बुडवून दोन काठ्यांनी चेपत राहायचं. हळूहळू पाणी निळं होऊ लागतं. मेणाचा चिकटपणा बाकीचा कचरा धरून ठेवतो आणि निळे कण तेवढे सोडून देतो! ते पाणी एका भांड्यात ओतायचं, दुसरं घ्यायचं, पुन्हा चेपायचं. पहिल्या दोन पाण्यांचा निळा सर्वांत गडद, पुढे पुढे फिका, शेवटी उरते ती निळसर राख, आणि ‘राख’ याच नावाने ती स्वस्तात विकली जाई. हे काम पुरुषांपेक्षा तरुण मुलींना जास्त जमतं, असंही चेन्निनी सांगून ठेवतो, कारण त्या घरात असतात आणि त्यांचे हात हलके असतात.

एवढ्या खटाटोपाची किंमतही तशीच. फ्लॉरेन्समधल्या एका अनाथालयाच्या प्रमुखाने १४८५ मध्ये गिर्लांदायो या चित्रकाराशी करार केला. त्यात निळा अल्ट्रामरीनच हवा आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) भावाचा, असं कलम घातलेलं आहे. निळा कोणता वापरायचा हेही पैसे देणाऱ्यानेच ठरवायचं. म्हणूनच ख्रिस्ती चित्रांत निळी वस्त्रं मुख्यतः मेरीची. सर्वांत महागडं ते तिला.

याच पुडीने एका विस्मृत बाईची साक्ष दिली. जर्मनीतल्या दालहाइम इथे मध्ययुगातला स्त्रियांचा छोटा मठ होता. तिथल्या दफनभूमीतल्या, साधारण हजार वर्षांपूर्वी वारलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीच्या दातांवरचं कीटण संशोधक तपासत होते. ती काय खात होती एवढंच त्यांना पाहायचं होतं. कीटण विरघळवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभराहून अधिक निळे कण चमकले. तपासणीत ते लाजवर्दाचे ठरले. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. सगळ्यांत पटणारं कारण असं की ती बाई पोथ्या रंगवत होती आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो पुन्हा पुन्हा ओठांत धरत होती. त्या काळच्या पोथ्यांवर रंगवणाऱ्याचं नाव सहसा नसतं, आणि नाव नसलं की ते काम साधूंचंच असणार असं धरून चालायची पद्धत होती. हिच्या हातची पोथी टिकली नाही, हिचं नावही नाही. दातांना चिकटलेली निळी धूळ तेवढी टिकली.

पुढचा निळा चुकून सापडला. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये दीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर होता. त्याला हवा होता लाल. कृमींपासून काढलेला किरमिजी अर्क, हिराकस आणि पोटॅश, अशी त्याची ठरलेली कृती. त्या दिवशी पोटॅश संपलं होतं, म्हणून त्याने योहान कॉनराड डिपेल याच्याकडून थोडं आणलं. हा डिपेल मोठा नमुनेदार इसम. फ्रँकनस्टाइन नावाच्या गढीत जन्मलेला, स्वतःला किमयागार म्हणवणारा, प्राण्यांचे अवशेष ऊर्ध्वपातन करून त्यांचं सर्वरोगहारक तेल विकणारा. त्याचं पोटॅश त्या तेलाने खराब झालेलं होतं. दीसबाखच्या भांड्यात लाल यायच्या ऐवजी फिकट काहीतरी आलं. ते आटवलं तर आधी जांभळं आणि मग गडद निळं झालं. जनावराच्या रक्तामांसातला नायट्रोजन आणि कार्बन पोटॅशसोबत भाजून सायनाइड तयार झालं होतं. हिराकशीतल्या लोहाशी त्याची गाठ पडली आणि प्रशियन निळा जन्मला. आतल्या आत काही लोह-अणूंवर एक इलेक्ट्रॉन जास्त असतो, काहींवर कमी. तांबूस-नारिंगी प्रकाशाची ऊर्जा घेऊन तो इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारतो. तो प्रकाश असा खर्ची पडला की उरतो निळा. (डिपेलवरून पुढे एका गाजलेल्या कादंबरीचं सूत्र सुचलं असं सांगतात. गढीचं नाव सोडलं तर त्याला आधार नाही.)

हा रंग स्वस्त होता, गडद होता आणि जवळजवळ वीस वर्षं गुपित राहिला. १७२४ मध्ये लंडनला त्याची कृती छापली गेली आणि मग तो सगळीकडे पसरला. त्याच्यावर आम्लाची क्रिया करून शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८२ मध्ये एक भयंकर विष वेगळं काढलं. जर्मन त्याला आजही ‘निळं आम्ल’ म्हणतात आणि ‘सायनाइड’ शब्दाच्या मुळाशी निळ्यासाठीचा ग्रीक शब्दच आहे. विष स्वतः बिनरंगी, पण घराण्याचं नाव निळं. रंग म्हणून मात्र प्रशियन निळा निरुपद्रवी आहे, कारण लोह सायनाइडला घट्ट धरून ठेवतं.

डच व्यापाऱ्यांच्या मार्फत तो जपानला गेला, पुढे चीनमधूनही स्वस्तात येऊ लागला. जपानी त्याला ‘बेरो’ म्हणत, म्हणजे बर्लिन. तिथल्या पारंपरिक वनस्पतिजन्य निळ्याला ही खोली नव्हती आणि तो लवकर विटायचा. सत्तरी गाठलेल्या होकुसाई या जपानी चित्रकाराने १८३१ च्या आसपास हाच बेरो वापरून फुजी पर्वताची चित्रमालिका ठशांतून काढली. तिच्यातली ती नखं काढून झेपावणारी प्रचंड लाट आज कपांवर आणि मोबाइलच्या पाठीवरही असते. जपानी चित्रकलेचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या त्या चित्राचा रंग बर्लिनच्या एका फसलेल्या लालातून आलेला आहे. मग १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारांनी माखलेल्या कागदावर ऊन पाडून हाच निळा उमटवला. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळं थेट अशा कागदावर ठेवून त्यांच्या पांढऱ्या छायांचा संग्रह काढायला सुरुवात केली. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणतात ते हेच. इमारतींचे आराखडे याच पद्धतीने उतरवू लागले आणि आपल्याला ‘ब्ल्यूप्रिंट’ शब्द मिळाला.

या रंगाचं सर्वांत अंगावर येणारं प्रकरण ब्राझीलमधलं. १९८७ च्या सप्टेंबरात गोयानिया शहरातल्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून भंगार गोळा करणाऱ्यांनी किरणोपचाराच्या यंत्राचा भाग उचलून नेला. तो फोडला तेव्हा आत एक पूड होती आणि ती अंधारात निळी चमकत होती. इतकं सुंदर काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती घरी नेली, नातेवाइकांत वाटली, काहींनी अंगाला लावली. ते किरणोत्सारी सीझियम होतं. चार जण दगावले, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. बाधितांपैकी ४६ जणांना औषध म्हणून प्रशियन निळा खायला दिला. शरीरात गेलेलं सीझियम आतड्यांत उतरतं आणि तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं; प्रशियन निळ्याच्या स्फटिकातली पोकळी नेमकी त्याला मावेल एवढी असते. ते तिथे अडकतं आणि विष्ठेवाटे बाहेर जातं. एरवी शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला जवळपास ११० दिवस लागतात, या उपचाराने साधारण ३०. जीव घेणारी चमक निळी, आणि तिच्यावरचा उतारा म्हणजे चित्रकाराच्या पेटीतली पूड.

लाजवर्दाचं काय झालं? फ्रान्समधल्या एका उद्योगसंस्थेने १८२४ मध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं: स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीन बनवून दाखवा. ते १८२८ मध्ये झां-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. साहित्य पाहिलं तर हसू येतं. पांढरी चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा. यातल्या एकाचाही रंग निळा नाही. पण भट्टीत मातीच्या अणूंचे पिंजरे बनतात आणि त्यांतल्या काहींत गंधकाचे तीन-तीन अणू कोंडले जातात. बदख्शानच्या दगडाचा निळा होता तो याच कोंडलेल्या गंधकाचा. ज्यासाठी करारात कलमं घातली जात होती, तो रंग थोड्याच वर्षांत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून बादलीत कालवायची ‘नीळ’ झाला.

पण नीळ म्हटलं की खरं नाव येतं ते झाडाचं. निळीचं झाड हिरवंगार, त्याच्या पानांत डोळ्यांना दिसेल असं काहीही निळं नसतं. कापलेली झुडपं हौदात पाण्याखाली दाबून ठेवली की ती आंबतात, पाणी पिवळट-हिरवं होतं. ते खालच्या हौदात सोडून मजूर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून वल्ह्यांनी ते तासन्‌तास झोडपत. हवा मिसळली की निळे कण तळाशी बसू लागत. पेरूतल्या वाका प्रिएता इथे सापडलेलं सहा हजार वर्षांपूर्वीचं सुती कापड अशाच निळीने रंगवलेलं आहे, म्हणजे ही युक्ती माणसाला जगात एकाहून अधिक ठिकाणी सुचली. रंगवतानाचा प्रकार तर जादूच. कापड हौदातून बाहेर येतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं आणि हवेत धरल्यावर पाहता पाहता निळं होत जातं.

बंगालमध्ये या जादूची किंमत रयतेने मोजली. निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांनी आगाऊ रक्कम अंगावर टाकून, मारझोड करून भाताच्या जमिनीत नीळ पेरायला लावली. १८५९ मध्ये शेतकऱ्यांनी पेरायला नकार दिला. दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या १८६० च्या नाटकाने ते सगळं मांडलं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद छापवल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड बंगाली लेखक कालिप्रसन्न सिंह यांनी भरला.

बिहारमधल्या चंपारणची गाठ तर थेट जर्मन प्रयोगशाळेशी आहे. आडोल्फ फोन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम नीळ बनवून दाखवली होती. १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने ती बाजारात आणली. झाडाच्या निळीचे भाव कोसळले. चंपारणात प्रत्येक वीस कट्ठ्यांपैकी (कट्ठा हे जमिनीचं माप) तीन कट्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती, तिला तीनकठिया म्हणत. आता मळेवाल्यांनाच नीळ नको झाली. पण नुकसान त्यांनी का सोसावं? ‘तुम्हाला निळीतून मोकळं करतो’ म्हणत त्यांनी कुळांकडून खंड वाढवून घेतला किंवा एकरकमी पैसे उकळले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, झाडाच्या निळीला पुन्हा भाव आला आणि मळेवाल्यांना पेरणीची सक्ती पुन्हा आठवली. १९१७ मध्ये तिथलेच शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींना तिथे घेऊन गेले ते या पार्श्वभूमीवर. दुसऱ्या वर्षी तीनकठिया कायद्याने संपली.

यानंतरच्या निळ्यांची जंत्री देत नाही. एक तेवढा सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात चेन्नईचे मास सुब्रमण्यन इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवे पदार्थ शोधत होते. त्यांच्या विद्यार्थ्याने यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचं मिश्रण जवळपास १२०० अंशांवर तापवलं आणि भट्टीतून काळपट काही निघेल असं समजून बाहेर काढलं, तर ते लखलखीत निळं. मँगनीजचा अणू पाच ऑक्सिजन अणूंच्या वेढ्यात एरवी क्वचित दिसणाऱ्या रचनेत बसला होता, म्हणून हा रंग. तो विटत नाही, विषारी नाही, उन्हातली उष्णता परतवतो. फक्त इंडियम महाग असल्याने हा निळाही पुन्हा महागच. त्याच कुटुंबातले धातू अदलून-बदलून सुब्रमण्यन यांनी पुढे हिरवा, जांभळा आणि नारिंगीही काढला, आणि मग ते लागले एका टिकाऊ, बिनविषारी लालच्या मागे.